आत्याची सही

पुकारा होतो. अपील करणारा म्हणून भाच्याचं नाव, समोर महाराष्ट्र शासन. ज्यांचे पैसे गेले त्या आत्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या आहेत, पण पालघरच्या या सत्र न्यायालयात त्यांचं नाव कोणी घेत नाही. तरी कालपासून सगळे त्यांच्याच मागे लागलेत. भाच्याला त्यांची सही हवी आहे.

आत्या चिंचणीच्या, माझ्या शेजारच्या. सकाळी एसटीनं बोईसर, तिथून लोकलनं पालघर. गाडीत त्या मांडीवरची कापडी पिशवी एकदाही सोडत नव्हत्या. पिशवीत पासबुक आहे. रेल्वेच्या भूसंपादनात जमीन गेली, तिचे पैसे त्यात जमा झाले होते. यजमान तोवर गेलेले. भाचा तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हिशेब बघणारा, घरचाच. आत्या त्याला पैसे काढायच्या स्लिपांवर कोऱ्या सह्या करून द्यायच्या. औषधाला लागतील तेवढे काढ, म्हणायच्या. दीड वर्षात अकरा लाख गेले.

दंडाधिकाऱ्यांनी त्याला विश्वासघात आणि फसवणूक, म्हणजे जुन्या दंडसंहितेची कलमं ४०६ आणि ४२०, यांखाली दोन वर्षांची शिक्षा दिली आहे. शिक्षा तीन वर्षांच्या आत असली की खालचं कोर्टच अपिलापुरता जामीन देऊ शकतं. अपिलाला मुदत तीस दिवसांची. ती टळली असती तर तो आज ठाण्याच्या कारागृहात असता. आत्ता तो समोरच्या बाकावर मान खाली घालून बसलाय, इस्त्रीच्या शर्टात.

त्याचे वकील उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा भगवान रामा शिंदे गोसाई खटल्याचा निकाल वाचून दाखवतात. शिक्षा ठरावीक मुदतीची असेल तर अपिलाच्या कोर्टानं ती स्थगित करताना हात आखडता घेऊ नये. नाहीतर अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षाच भोगून होईल आणि अपिलाला अर्थ उरणार नाही. मला हे पटतं. निकाल चुकीचा ठरला तर तुरुंगात गेलेले महिने कोण परत देणार? सरकारी वकील आपला ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं देतात, विरोध करतात, पण आवाज चढवत नाहीत.

न्यायाधीश शिक्षा स्थगित करतात. अपिलाचा निकाल लागेपर्यंत, बंधपत्र आणि एक जामीनदार. संध्याकाळपर्यंत गावात ‘सुटला’ म्हणून बोभाटा होईल. सुटलेला नाही. दोषी ठरवणारा निकाल जागच्या जागी आहे.

आता वकील दुसरा कागद पुढे करतात. तडजोडीची पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन. फिर्यादी हजर आहेत, घरातलं प्रकरण आहे, मिटतंय, परवानगी द्यावी.

ही दोन्ही कलमं न्यायालयाच्या परवानगीनं मिटवता येतात, अपील चालू असतानाही. परवानगी मिळाली की परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच. दोन वर्षं जातात, दोषाचा डागही जातो. म्हणून या सहीची किंमत अकरा लाखांहून मोठी आहे, आणि ती मागायला माणसं रात्री नऊ वाजता आत्यांच्या ओटीवर येऊन बसली होती. लुबाडलेल्या बाईनंच मन मोठं करायचं, हा आपल्या घराघरांतला रिवाज मला सहन होत नाही.

न्यायाधीश कागद बाजूला ठेवतात. “बाई पुढे या.”

आत्या उठतात. पदर सावरतात.

“यात काय लिहिलंय, तुम्हाला वाचून दाखवलं?”

“नाही साहेब. मिटवायचं आहे, एवढं सांगितलं.”

“पैसे मिळाले?”

आत्या पिशवीतून पासबुक काढतात. कारकून ते वर देतो. न्यायाधीश शेवटचं पान बघतात, मग वकिलांकडे. “यात तर काहीच जमा नाही.” वकील हप्त्यांचं बोलतात. “रक्कम जमा झाल्यावर अर्ज आणा. आज परवानगी नाही.” पुढची तारीख पडते.

शिक्षेतून आत्यांना काय मिळालं असतं, तेही सांगतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याला दहा हजारांच्या वर दंड करता येत नव्हता. त्या दंडातून भरपाई द्यायचा हुकूम झाला, तरी अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती हातात पडत नाही. अकरा लाखांसाठी वेगळा दिवाणी दावा. म्हणजे तो तुरुंगात गेला तरी आत्यांचं पासबुक तसंच राहणार. पैसे आधी खात्यात येणार असतील तर तडजोड आत्यांच्याही फायद्याची आहे. न्यायाधीशांनी आज जो क्रम लावला, तो म्हणूनच मोलाचा.

बाहेर व्हरांड्यात जामीनदाराचा सातबारा आणि घरपट्टीची पावती तपासणं चाललंय. जामीनदार भाच्याचा मामा आहे. आत्यांच्या बाजूचं कोणी पुढे आलेलं नाही. भाच्याची आई येऊन आत्यांचा हात धरते.

“वन्सं, पोराच्या तोंडाकडे बघा हो.”

“बघितलं होतं गं. म्हणून तर सह्या केल्या.”

वहिनी रडू लागते. आत्या हात सोडवून घेत नाहीत, पण वकिलांकडे वळतात.

“वकीलसाहेब, तो कागद परत लिहा. किती पैसे, कोणत्या तारखेला, सगळं घाला त्यात. रोख नको, चेक नको, माझ्या खात्यात भरा.” मग माझ्याकडे बोट दाखवतात. “आणि सही करायच्या आधी हे मला वाचून दाखवतील.”

वकील खिशातून पेन काढतात. भाचा पहिल्यांदा मान वर करतो आणि विचारतो, “आत्या, पहिला हप्ता किती टाकू?”

“निम्मे,” आत्या म्हणतात.