आधी नाणं, मग गाडी!

एक प्रश्न विचारू? वाफेची करामत मुंबईकरांपर्यंत पहिल्यांदा कधी पोचली?

“सोप्पंय! 16 एप्रिल 1853. बोरीबंदर ते ठाणे, पहिली आगगाडी!” असं तुम्ही पटकन म्हणाल. गाडीची तारीख अगदी बरोबर आहे. पण वाफ त्याच्या साठेक वर्षं आधीच येऊन गेली होती, आणि तीही थेट लोकांच्या कनवटीला! कारण 1791 सालचा छाप असलेले मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ वाफेच्या यंत्रांवर पाडलेले होते आणि जहाजातून इकडे आले होते. त्यांच्या एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह होतं आणि दुसऱ्या बाजूला तराजू.

म्हणजे वाफेनं आधी नाणी पाडली आणि नंतर गाड्या ओढल्या. आज जगभरच्या टांकसाळी जुन्या इंजिनांची आठवण म्हणून खास नाणी काढतात. त्यांना स्मरणनाणी म्हणतात. वाफ आणि नाणं यांचं नातं किती जुनं आहे ते कळलं, की ही नाणी बघायची मजा कितीतरी वाढते. चला तर मग, सुरुवातीपासून बघू.

पूर्वी नाणी माणसाच्या जोरावर पाडत. युरोपातल्या टांकसाळींत मोठ्या स्क्रूचं यंत्र असायचं. त्याचा आडवा दांडा माणसं जोर लावून फिरवायची, ठसा खाली यायचा आणि चकतीवर छाप उठायचा. दिवसभर दांडा फिरवून हात भरून यायचे. छाप कधी खोल, कधी उथळ. अशी नाणी एकसारखी नसायची, त्यामुळे खोटी नाणी बनवणाऱ्यांचं फावायचं.

बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी यावर उपाय काढला. त्यांचे भागीदार कोण होते माहीत आहे? जेम्स वॅट! वॅट यांचं वाफेचं इंजिन बोल्टन यांनी नाणी पाडायच्या यंत्रांना जोडलं आणि 1788 साली सोहो इथे टांकसाळ उभारली. तिथलं एकेक यंत्र मिनिटाला सत्तरच्या वर नाणी पाडायचं, आणि सगळी अगदी एकसारखी. पुढे 1829 पर्यंत मुंबईत फोर्ट भागात नवी टांकसाळ बांधून झाली. तिथेही वाफेची इंजिनं धडधडू लागली. बोरीबंदरापासून ही जागा चालत जाण्याइतकी जवळ. म्हणजे पहिली गाडी सुटण्याच्या 24 वर्षं आधीच वाफ त्या परिसरात कामाला लागली होती!

आता तुम्ही विचाराल, वाफेला नाणी पाडता येत होती, तर गाडी ओढायला इतका उशीर का?

कारण वॅट यांचं इंजिन होतं अवाढव्य. ते कमी दाबाच्या वाफेवर चालायचं. वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी केलं की तिनं व्यापलेली जागा रिकामी होते आणि दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूची वाफ त्याला तिकडे ढकलते. त्या इंजिनाची मुख्य ताकद हीच. अशा इंजिनाला जोर हवा तर त्याचा सिलिंडर मोठा हवा. ते एका इमारतीत पक्कं बसवावं लागे. ते चाकांवर कसं चढणार?

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे रिचर्ड ट्रेविथिक यांनी वेगळा विचार केला. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. तिला मजबूत बॉयलरमध्ये कोंडून ठेवलं, तर ती प्रचंड दाबानं दट्ट्या ढकलते. दाब जास्त असला की छोट्या सिलिंडरमधूनही मोठं काम होतं. इंजिन लहान झालं, आणि लहान झालं म्हणून चाकांवर चढलं!

21 फेब्रुवारी 1804 हा तो दिवस. वेल्समधल्या पेनिडॅरन इथल्या लोखंडाच्या कारखान्यातून ट्रेविथिक यांचं इंजिन निघालं. मागे पाच वाघिणी, त्यांत दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसं. अंतर होतं साधारण 16 किलोमीटर. वेळ लागला चार तासांहून थोडा जास्त, कारण वाटेत झाडं तोडावी लागली, दगड हटवावे लागले. पण इंजिन पोचलं! रुळांवरून ओझं ओढत नेणारं वाफेचं हे पहिलं इंजिन मानतात. बिडाचे ठिसूळ रूळ मात्र त्याच्या वजनानं मोडू लागले, म्हणून ते फार दिवस चालवता आलं नाही.

या घटनेला 200 वर्षं झाली तेव्हा, 2004 साली, ब्रिटनच्या टांकसाळीनं दोन पौंडांचं स्मरणनाणं काढलं. अशी सुमारे 50 लाख नाणी रोजच्या व्यवहारात आली. त्यावर ट्रेविथिक यांचं इंजिन आहे आणि दातेरी चाकही आहे. खरी गंमत तर नाण्याच्या कडेवर आहे. तिथे नेहमीच्या सरळ रेघा नाहीत, रेल्वेच्या पुलांच्या कमानींसारखी नक्षी कोरलेली आहे. केवळ 28.4 मिलिमीटरच्या नाण्यात इंजिनही बसलं आणि पूलही!

एवढंसं चित्र कोरतात तरी कसं? आधी कलाकार नाण्याच्या कितीतरी पट मोठा नमुना बनवतो. मग लांब दांड्याचं एक यंत्र कामाला लागतं. त्याचं एक टोक मोठ्या नमुन्यावरून अलगद फिरतं आणि दुसरं टोक पोलादावर तेच चित्र लहान करून कोरतं. आता हे काम बहुतेक संगणक करतो. त्यातून तयार होतो ठसा. ठशावर सगळं उलटं असतं बरं का! नाण्यावर जे उंच, ते ठशावर खोल. नाण्यावर जी अक्षरं सुलटी, ती ठशावर आरशात दिसावीत तशी. धातूच्या चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, थंड झाल्यावर त्यांना दोन ठशांमध्ये दाबतात. या दाबाखाली धातू वितळत नाही, तरीही सरकत सरकत ठशाच्या खोलगट जागांत जाऊन बसतो.

ऑस्ट्रियाची कमाल तर आणखी निराळी. तिथली सेमरिंगची रेल्वे 1854 साली आल्प्सच्या डोंगरांतून, बोगदे आणि उंच पूल पार करत धावू लागली. तिच्या 150 वर्षांनिमित्त 2004 साली 25 युरोंचं नाणं निघालं. बाहेरचं कडं चांदीचं आणि मधला भाग चक्क हिरवा! त्याला रंग मात्र लावलेला नाही. तो भाग नायोबियम नावाच्या धातूचा आहे. हा धातू खास द्रावात बुडवून त्यातून वीज सोडली की त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. प्रकाशाचा काही भाग थराच्या वरून परततो, काही खालून. परतताना काही रंग एकमेकांना पुसून टाकतात, तर काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते याच कारणानं. थराची जाडी बदला, रंग बदलतो!

आणि आपल्याकडे? भारतीय रेल्वेला 150 वर्षं झाली तेव्हा, 2003 साली, दोन रुपयांचं नाणं निघालं. अकरा बाजूंच्या त्या नाण्यावर इंजिन नाहीच. तिथे आहे हातात कंदील घेतलेला हत्ती, भोलू गार्ड! रेल्वेचं हे लाडकं बोधचिन्ह. गार्डनं हिरवा कंदील दाखवल्याशिवाय गाडी हलत नसे. इंजिन ताकदवान खरं, पण गाडी सुखरूप पोचते ती माणसांच्या दक्षतेमुळे. आपल्या नाण्यावर या राखणदाराला जागा मिळाली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

घरातल्या जुन्या नाण्यांच्या डब्यात हा हत्ती सापडतो का बघा. सापडला, तर भिंगातून सालाच्या खाली पाहा. तिथे छोटासा हिरा दिसला तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी दिसली तर हैदराबादचं, गोल ठिपका दिसला तर नोएडाचं, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं.

आता एक काम तुमच्याकडे. कागदावर 26 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. त्यात 1853 च्या त्या पहिल्या प्रवासाचं स्मरणनाणं तयार करा. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी, 34 किलोमीटरची वाट… सगळं काही त्यात मावणार नाही. म्हणून आधी ठरवा, यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं. नाण्याच्या कलाकाराचं सगळ्यात अवघड काम हेच असतं. आणि हो, कडेवरची नक्षी विसरू नका!