वैद्यकीय रिपोर्ट ई-मेलने पाठवताना

रक्त, सोनोग्राफी, एक्स-रे यांचे रिपोर्ट आता ई-मेलने येतात आणि ई-मेलनेच डॉक्टरांकडे जातात. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे भारतात ई-मेलवरून वैद्यकीय सल्लाही घेता येतो. सोय मोठी आहे, पण खबरदारी हवी. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. आजार एकदा चारचौघांत कळला की ती गोष्ट परत झाकता येत नाही. एचआयव्ही, क्षयरोग, गर्भपात किंवा मानसिक आजाराची माहिती बाहेर गेल्याने नोकरी, लग्न, घरातले संबंध बिघडू शकतात.

माहिती कोठून फुटते?

• ऑफिसचा ई-मेल कंपनीला पाहता येऊ शकतो.
• झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत स्कॅन केलेली फाइल तिथल्या संगणकात राहते.
• घरात एकच मोबाइल असेल तर आलेला ई-मेल कोणीही उघडतो.
• पत्त्यातले एक अक्षर चुकले तरी रिपोर्ट परक्या माणसाकडे जातो.

काय करावे?

• रिपोर्टसाठी स्वतःचा खाजगी ई-मेल वापरा. पासवर्ड वेगळा ठेवा आणि ओटीपीची दुहेरी सुरक्षा चालू करा.
• दवाखान्यात आलेले ई-मेल कोण वाचते, हे डॉक्टरांना आधीच विचारा.
• विषयाच्या ओळीत आजाराचे नाव लिहू नका. मोबाइल लॉक असतानाही ती ओळ पडद्यावर दिसू शकते.
• विचारलेला रिपोर्टच पाठवा. सगळी फाइल किंवा आधार कार्ड नको.
• फाइलला पासवर्ड घाला आणि तो फोनवर सांगा, त्याच ई-मेलमध्ये लिहू नका.
• दुसऱ्याच्या संगणकावरून फाइल पुसा, रिसायकल बिन रिकामा करा आणि लॉग आउट करा.

‘रिपोर्ट तयार आहे, लिंक उघडा’ असा अनपेक्षित ई-मेल आला तर लिंक उघडू नका. पावतीवरच्या नंबरवर लॅबला फोन करून खात्री करा. फसवणुकीत पैसे गेले तर लगेच १९३० या नंबरवर कळवा.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचेही कर्तव्य आहे. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. काही अपवाद सोडता रुग्णाच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करता येत नाही.

एक महत्त्वाची सूचना: छातीत दुखणे, धाप लागणे, जास्त रक्तस्राव, बेशुद्धी अशा वेळी ई-मेलच्या उत्तराची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.