बालकाच्या औषधाची मात्रा

बेंगळूरच्या उत्तरेस, बळ्ळारी रस्त्यावर हेब्बाळ आहे. येथील बॅप्टिस्ट रुग्णालय १९७३ साली सुरू झाले. पुढे या भागात आणखीही मोठी रुग्णालये उभी राहिली. अशा कोणत्याही रुग्णालयात तापाने फणफणलेले मूल आले, की डॉक्टरांना औषध निवडण्याआधी त्याचे वजन पाहावे लागते.

प्रौढाला ‘एक गोळी’ म्हटले, की बहुधा भागते. मुलाच्या बाबतीत मात्र दर वेळी गणित मांडावे लागते, आणि चूक शिरते ती तेथेच. घरोघरी परिचित असलेले पॅरासिटामॉलच घ्यावे. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने दहा किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागतात. पण औषध येते ते पातळ, आणि तेही निरनिराळ्या तीव्रतेचे. पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असणारे सरबत सहा मिलिलिटर द्यावे लागते, २५० मिलिग्रॅमचे तीनच. तान्ह्या मुलांच्या थेंबांत एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात. त्यांचे दीड मिलिलिटर पुरे. चिठ्ठीवर नुसते ‘सहा मिलिलिटर’ लिहिले आणि हाती थेंबांची बाटली आली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. असे वारंवार घडले, तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

दशांश चिन्हाचा घोटाळा याहून भयंकर. ‘५.०’ मधील टिंब पुसट उमटले, की ‘५०’ होतात. हृदयविकारावरील डिगॉक्सिनसारख्या औषधात दसपट मात्रा प्राणावर बेतते. म्हणून पूर्णांकापुढे शून्य लिहू नये आणि अपूर्णांकाआधी शून्य गाळू नये, असा दंडक आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहिण्यास सांगितले, ते योग्यच झाले. पण नाव सुवाच्य असून आकडा चुकलेला असू शकतो.

वजनही जुने चालत नाही. वर्षभरात बाळाचे वजन जन्मवेळेच्या सुमारे तिप्पट होते. यास्तव चिठ्ठीवर त्या दिवशीचे वजन आणि किलोमागची मात्रा दोन्ही लिहिलेली असावीत. म्हणजे औषध देणाऱ्याला आणि परिचारिकेला तोच गुणाकार स्वतः करून पाहता येतो, आणि उत्तर जुळले नाही तर डॉक्टरांना विचारता येते. ही विचारणा उद्धटपणा समजली जाते, त्या कक्षात चुकीचा आकडा थेट बाळापर्यंत पोहोचतो.

घरी जाताना आईला चमच्याऐवजी खुणांची पिचकारी द्यावी, आणि औषध कोणत्या रेघेपर्यंत ओढायचे ते तिच्याच हातून एकदा करवून घ्यावे.