घरी जोडायच्या पहिल्या कॉम्प्युटरचे भाग कसे निवडावेत

डेस्कटॉप कॉम्प्युटरचे मुख्य भाग सात. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवणुकीसाठी एसएसडी किंवा हार्ड डिस्क, गरजेप्रमाणे ग्राफिक्स कार्ड, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि हे सगळे ज्यात बसते ते कॅबिनेट. निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात, कारण त्यांची मापे आणि जोडण्या ठरलेल्या आहेत. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने उपलब्ध करून दिली. त्यामुळे इतर कंपन्यांना त्याला जुळणारे सुटे भाग बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या जागा आणि वीजजोडणी या गोष्टी त्यात निश्चित झाल्या. आजचे बहुतेक डेस्कटॉप याच चौकटीत बनतात.

म्हणूनच कॉम्प्युटर कसा होणार, हे स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी, भागांची यादी करतानाच बरेचसे ठरून जाते. यादीतल्या प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारायचे असतात. ठरलेल्या कामाला तो पुरेल का? आणि बाकीच्या भागांशी तो जुळेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर भाग कितीही महागडा असला तरी तो निरुपयोगी ठरतो.

आधी काम, मग बजेट

शाळा-कॉलेजचा अभ्यास, इंटरनेट, हिशेब आणि मराठी टायपिंग एवढ्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. व्हिडिओ एडिटिंगला जास्त कोअर असलेला प्रोसेसर, भरपूर रॅम आणि मोठी एसएसडी लागते. गेम खेळायचे असतील तर खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाकडे जातो. हजारो फोटोंवर किंवा पुस्तकांच्या मांडणीवर काम करणाऱ्याला चांगला मॉनिटर महागड्या प्रोसेसरपेक्षा अधिक उपयोगी पडतो. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांचा खर्च पहिल्याच यादीत धरावा. नवखे लोक नेमका तोच विसरतात आणि शेवटी एसएमपीएसमध्ये काटकसर करतात.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

घरगुती डेस्कटॉपसाठी प्रोसेसर इंटेल किंवा एएमडी या दोन कंपन्यांचे मिळतात. प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या जागी बसतो, तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट वेगळे असेल तर प्रोसेसर बसतच नाही. इंटेलच्या कोअर मालिकेतील बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीसाठी एलजीए १७०० आणि त्यानंतरच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हे सॉकेट आहे. एएमडीचे जुने सॉकेट एएम४, तर २०२२ मध्ये आलेले नवे सॉकेट एएम५. एएम४चे भाग तुलनेने स्वस्त पडतात, पण ते सॉकेट आता आयुष्याच्या अखेरीस आले आहे. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून वेग वाढवायचा विचार असेल, तर हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रोसेसरच्या नावातले शेवटचे अक्षर नीट वाचावे. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, तर त्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड न घेता असा प्रोसेसर घेतला, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या ‘जी’ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये बऱ्यापैकी सक्षम अंगभूत ग्राफिक्स असते. ‘के’ अक्षराच्या इंटेल प्रोसेसरचा वेग हाताने वाढवता येतो, पण त्यासोबत कूलर येत नाही. तो वेगळा विकत घ्यावा लागतो.

मदरबोर्डच्या क्षमता त्याच्या चिपसेटवरून ठरतात. इंटेलच्या एलजीए १७००साठी एच६१०, बी७६० आणि झेड७९०, तर एएमडीच्या एएम५साठी ए६२०, बी६५० आणि एक्स६७० अशा चढत्या पायऱ्या आहेत. पहिल्या कॉम्प्युटरला मधली पायरी बहुधा पुरते. तिच्यावर रॅमचे चार स्लॉट, एसएसडीसाठी एकापेक्षा जास्त एम.२ जागा आणि प्रोसेसरला स्थिर वीज देणारी बरी व्यवस्था असण्याची शक्यता अधिक असते.

सॉकेट जुळूनही एक अडचण उरते. बोर्ड बनला त्यानंतर आलेला प्रोसेसर त्याला ओळखता यावा, म्हणून बोर्डचे बायोस, म्हणजे बोर्डवरचा मूळ प्रोग्राम, अद्ययावत असावे लागते. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याची सोय असते. बायोसचे महत्त्व २०२४ मध्ये ठळकपणे दिसले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होत होते. त्यावरचा उपाय बायोसच्या सुधारित आवृत्तीतून देण्यात आला. या पिढीचा प्रोसेसर घेणाऱ्याने बोर्डवर ती आवृत्ती आहे याची खात्री करावी आणि जुना, वापरलेला नग टाळावा.

रॅम आणि साठवणूक

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या रॅमना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे एक प्रकार दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. एएम४वर फक्त डीडीआर४ चालते, एएम५ आणि एलजीए १८५१वर फक्त डीडीआर५. एलजीए १७००चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डवर एकच प्रकार चालतो. तो कोणता, हे खोक्यावर पाहून घ्यावे.

आज साध्या कामाला १६ जीबी रॅम योग्य आहे. व्हिडिओ एडिटिंगला ३२ जीबी घ्यावी. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेणे चांगले. दोन स्टिक असल्या की प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी माहिती घेतो. अंगभूत ग्राफिक्स स्वतःसाठी याच रॅमचा वाटा वापरते, म्हणून तिथे हा फायदा सर्वांत जास्त जाणवतो. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने आपोआप चालेलच असे नाही. त्यासाठी बायोसमध्ये इंटेलच्या बोर्डवर एक्सएमपी आणि एएम५च्या बोर्डवर एक्स्पो ही सेटिंग सुरू करावी लागते.

ऑपरेटिंग सिस्टीम एसएसडीवरच ठेवावी. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५०, तर पीसीआयई ३.० जोडणीची एनव्हीएमई एसएसडी सुमारे ३,५०० एमबीपर्यंत जाते. पीसीआयई ४.०वर हा वेग ७,००० च्या आसपास पोहोचतो. एम.२ आकाराची एसएसडी साटा आणि एनव्हीएमई अशा दोन्ही प्रकारांत येते आणि दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच असतात. बोर्डवरची जागा कोणता प्रकार स्वीकारते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. फोटो, चित्रपट आणि बॅकअप यांसाठी मोठी हार्ड डिस्क आजही परवडते.

ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर

ही दोन्ही खरेदी एकत्र विचारात घ्यावी. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, तर ३८४० × २१६० च्या, म्हणजे फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. कार्डाचे काम चौपट होते. मध्यम कार्डाला फोर-के मॉनिटर जोडला, तर गेम अडखळतात. उलट, ६० हर्ट्‌झच्या साध्या मॉनिटरला महागडे कार्ड जोडले, तर त्याची बरीच ताकद दिसतच नाही. कार्डावरची स्वतंत्र मेमरीही पाहावी. नव्या गेमसाठी ८ जीबी ही खालची मर्यादा समजावी.

एसएमपीएस

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते एसएमपीएसकडे, आणि बाकीच्या सगळ्या भागांची सुरक्षितता त्याच्यावरच असते. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले, तरी तो तेवढी वीज सतत देईल याची खात्री नसते. भिंतीतली २३० व्होल्टची वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणे आणि जास्त दाब किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास पुरवठा तोडणे हे त्याचे काम आहे. नामांकित कंपनीचा, संरक्षणाच्या सोयी स्पष्ट लिहिलेला एसएमपीएस घ्यावा. ‘८० प्लस’ हे प्रमाणपत्र वीज किती कमी वाया जाते ते सांगते. ब्राँझ, गोल्ड या त्याच्या पायऱ्या आहेत.

क्षमता ठरवायला साधी बेरीज पुरते. प्रोसेसर ९० वॅट, ११५ वॅटचे ग्राफिक्स कार्ड आणि बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून ६० वॅट धरले, तर एकूण २६५ वॅट होतात. ग्राफिक्स कार्ड क्षणभर याहून जास्त वीज ओढते, शिवाय पुढच्या बदलासाठी वाव हवा. म्हणून इथे ५५० वॅटचा एसएमपीएस योग्य. काही एसएमपीएसच्या केबल सुट्या करता येतात. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावू नये. टोके सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि भाग जळू शकतात.

वीज वारंवार जाणाऱ्या गावांत यूपीएस गरजेचा आहे. त्याच्यावर छापलेल्या व्हीएपेक्षा वॅटचा आकडा पाहावा. ६०० व्हीएचे बहुतेक यूपीएस साधारण ३६० वॅटच देतात. खोलीत अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट असणेही तितकेच आवश्यक आहे.

कॅबिनेट आणि थंडावा

एटीएक्स बोर्डचे माप ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्सचे कमाल २४४ × २४४ आणि मिनी आयटीएक्सचे १७० × १७० असते. कॅबिनेटमध्ये बोर्ड बसतो का, ग्राफिक्स कार्डाची लांबी मावते का आणि प्रोसेसरचा कूलर झाकणाला टेकत नाही ना, ही तीन मापे तपासावीत. पुढच्या बाजूला जाळी असलेले कॅबिनेट समोर काच लावलेल्या कॅबिनेटपेक्षा हवा चांगली खेळवते. पंखे पुढून हवा आत घेतील आणि मागून बाहेर टाकतील असे बसवावेत.

हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पुण्यात शांतपणे चालणारा तोच कॉम्प्युटर तिथे जास्त तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. अशा ठिकाणी थोडा मोठा कूलर घेणे योग्य.

एक नमुना यादी

अभ्यास, ऑफिसचे काम आणि मराठी डीटीपी यांसाठी एएमडी रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला, तर त्यात ६ कोअर, अंगभूत ग्राफिक्स आणि सोबत कूलर मिळतो. त्याला एएम४ सॉकेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, चांगला ४५० वॅटचा एसएमपीएस आणि जाळीचे कॅबिनेट पुरते. हा प्रोसेसर पीसीआयई ३.० एवढाच वेग देतो, म्हणून महागडी पीसीआयई ४.० एसएसडी घेऊन फायदा नाही. ते पैसे मॉनिटरमध्ये घालावेत. पुढे गेम खेळायची इच्छा झाली, तर ग्राफिक्स कार्डासोबत एसएमपीएसही बदलावा लागेल, म्हणून तशी शक्यता असल्यास आधीच ५५० वॅटचा घ्यावा.

खरेदी आणि तपासणी

मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड हा सुट्या भागांचा मोठा बाजार आहे आणि ऑनलाइनही सर्व भाग मिळतात. कुठेही घेतले तरी पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. सुट्या भागांनी बनलेल्या कॉम्प्युटरची एकत्र वॉरंटी नसते; प्रत्येक कंपनी आपापल्या भागापुरती जबाबदारी घेते. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागावा. विंडोज ११ घालायची असेल तर बोर्ड आणि प्रोसेसरमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असावी लागते. लिनक्स मोफत मिळते आणि त्यावरही युनिकोड मराठी चालते.

सर्व भाग शक्यतो एकदमच घ्यावेत आणि लगेच जोडून पाहावेत. एसएमपीएस दोन महिने आधी आणि बोर्ड नंतर घेतला, तर एखादा भाग सदोष निघाल्यावर बदलून घेण्याची मुदत उलटून गेलेली असते. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर बायोसमध्ये रॅमची पूर्ण क्षमता आणि वेग, एसएसडीचे नाव, पंख्यांचा वेग आणि प्रोसेसरचे तापमान पाहावे. नंतर काही तास जड काम देऊन तो बंद पडत नाही ना, याची खात्री करावी. खोकी आणि बिले वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवावीत.