निन्टेंडोने हरत आलेला डाव कसा सावरला?

नव्वदच्या दशकात ज्या शहरी घरांत दूरचित्रवाणी संचाला व्हिडिओ गेमचे यंत्र जोडले जात असे, त्या घरांतील मुलांना लाल टोपीचा, झुपकेदार मिशांचा मारिओ चांगलाच परिचित होता. भारतात त्या काळी मिळणारी यातील बहुतेक यंत्रे म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या. त्या मारिओची जन्मदाती कंपनी २०१४ च्या प्रारंभी मात्र अशा वळणावर येऊन ठेपली होती की, 'यंत्रे बनविणे थांबवा आणि मोबाइलसाठी खेळ काढा', असा सल्ला तिला उघडपणे दिला जाऊ लागला होता.

कंपनीची अवस्थाही तशीच होती. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'वी यू' या यंत्राचे आर्थिक वर्षातील ९० लाखांच्या विक्रीचे उद्दिष्ट जानेवारी २०१४ मध्ये थेट २८ लाखांवर आणावे लागले. मार्च २०१४ अखेर ४६ अब्ज येनहून अधिक कार्यचालन तोटा झाला आणि तोट्याचे हे सलग तिसरे वर्ष ठरले. याच कंपनीच्या आधीच्या 'वी' यंत्राची विक्री १० कोटींवर गेली होती; 'वी यू' अखेरपर्यंत १ कोटी ३६ लाखांचाही टप्पा गाठू शकले नाही.

व्यवसायाचे गणित

या धंद्याचे गणित नेहमीच्या कारखानदारीपेक्षा निराळे आहे. कन्सोल, म्हणजे खेळाचे यंत्र, अनेकदा उत्पादन खर्चाच्या आसपास, प्रसंगी तोटा सोसूनही विकले जाते. खरी कमाई होते ती त्यावर चालणाऱ्या खेळांतून आणि इतर कंपन्यांच्या खेळांवर आकारल्या जाणाऱ्या परवाना शुल्कातून. यंत्र अधिक खपले की खेळ बनविणारे त्याकडे वळतात, खेळ वाढले की यंत्र आणखी खपते. हे चक्र एकदा उलटे फिरू लागले, की ते थांबविणे महाकठीण.

'वी यू'च्या बाबतीत नेमके तेच घडले. नावातील साधर्म्यामुळे हे नवे यंत्र आहे की जुन्या 'वी'ची जोडवस्तू, हेच अनेक ग्राहकांना उमगले नाही. त्यासोबतचा पडदा असलेला नियंत्रक हाती घेऊन खेळता येई, पण मुख्य यंत्रापासून फार दूर नेता येत नसे. ग्राहक आले नाहीत म्हणून बाहेरच्या मोठ्या गेम कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि खेळ नाहीत म्हणून ग्राहक आले नाहीत.

सेगाचे उदाहरण

सल्लागारांपुढे उदाहरण होते 'सेगा'चे. निन्टेंडोची एकेकाळची ही कडवी प्रतिस्पर्धी. तिचे 'ड्रीमकास्ट' हे यंत्र १९९८ मध्ये आले; परंतु सोनीच्या 'प्लेस्टेशन २'समोर त्याचा निभाव लागला नाही. जानेवारी २००१ मध्ये सेगाने यंत्रनिर्मितीतून माघार जाहीर केली आणि इतरांच्या यंत्रांसाठी खेळ बनविणारी कंपनी म्हणून ती उरली.

निन्टेंडोचे अध्यक्ष सातोरु इवाता यांना हा मार्ग मान्य नव्हता. खेळ आणि यंत्र यांचा विचार एकत्र होतो, हेच कंपनीचे बलस्थान असल्याची त्यांची धारणा होती. 'वी'च्या हात हलवून खेळण्याच्या नियंत्रकाने ते सिद्धही केले होते. नोकरकपातीलाही त्यांनी विरोध केला. आपली नोकरी कधीही जाईल या धास्तीत असलेला माणूस लोकांना आनंद देणारे खेळ बनवू शकणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. २०१४ मध्ये युरोपातील कचेऱ्यांच्या फेररचनेत काही नोकऱ्या गेल्या, हे खरे. पण खेळ घडविणाऱ्या क्योटोतील मुख्य चमूला हात लागला नाही. इवाता यांनी स्वतःचे वेतन २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये निम्म्यावर आणले. कर्ज नाही आणि जुन्या यशातून साठलेली भक्कम गंगाजळी हाताशी, म्हणूनच ही तत्त्वनिष्ठा परवडू शकली, हेही विसरता येणार नाही. सेगाला ती चैन नव्हती.

दोन घरांची एक चूल

निर्णायक पाऊल मात्र फारसा गाजावाजा न होता पडले होते. हातातले यंत्र आणि घरातले यंत्र यांचे तांत्रिक विभाग कंपनीत वर्षानुवर्षे वेगळे होते. २०१३ मध्ये ते एकत्र आणण्यात आले. दोन यंत्रांसाठी दोनदा खेळ घडविण्यात मनुष्यबळ विभागले जात होते. खेळ घडविण्याचा खर्च वाढत असताना ते परवडणारे नव्हते. मार्च २०१५ मध्ये मोबाइल खेळांसाठी 'डीएनए' कंपनीशी सहकार्य जाहीर करतानाच इवाता यांनी नव्या यंत्राचीही घोषणा केली. मोबाइल हा पर्याय नव्हे, तर नव्या ग्राहकाला मारिओच्या अंगणात आणणारी वाट, हा त्यामागचा विचार होता.

त्याचे फळ पाहणे इवाता यांच्या नशिबी नव्हते. जुलै २०१५ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ३ मार्च २०१७ रोजी आलेले 'स्विच' दूरचित्रवाणीला जोडता येत होते आणि उचलून बाहेरही नेता येत होते. सोनी आणि मायक्रोसॉफ्टशी ताकदीची स्पर्धा न करता त्यात मोबाइल वर्गातील चिप वापरली गेली. 'वी यू'वर मोजक्यांनीच खेळलेला 'मारिओ कार्ट ८' नव्या रूपात येऊन तुफान खपला. 'वी यू'ची आयुष्यभराची विक्री 'स्विच'ने दहा महिन्यांत मागे टाकली. पुढे तो आकडा १५ कोटींवर गेला. टाळेबंदीच्या काळातील, मार्च २०२१ अखेरच्या वर्षात कार्यचालन नफा ६४० अब्ज येनवर पोहोचला.

या यशाची एक बाजू मात्र दुर्लक्षिली जाते. 'वी यू' बुडत असताना कंपनीला तारले ते '३डीएस' या हातातल्या यंत्राने. त्यालाही २०११ मध्ये मोठ्या किंमतकपातीचा टेकू द्यावा लागला होता, पण अखेर त्याची विक्री साडेसात कोटींवर गेली. आता दोन यंत्रांचे एक झाले आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २'ने पहिल्या चार दिवसांत ३५ लाखांची विक्री करून दमदार सुरुवात केली. तथापि, यापुढे एखादे यंत्र फसले, तर आधाराला दुसरे असणार नाही. ज्या निर्णयाने कंपनी वाचली, त्याच निर्णयाने तिची चुकण्याची मुभाही कमी केली आहे.