पेशींचे स्थलांतर आणि एक्झोसोम

मेंढीच्या अपरिपक्व तांबड्या रक्तपेशींत १९८३ मध्ये ज्या सूक्ष्म पुटिका अभ्यासल्या गेल्या, त्या नकोशी प्रथिने टाकून देण्याचे साधन मानल्या गेल्या. सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाच्या या पुटिकांना पुढे ‘एक्झोसोम’ हे नाव मिळाले. मात्र त्यांना केवळ कचरा मानणे अपुरे ठरले.

सरकणारी पेशी पुढच्या कडेने आधार धरते व मागचा सोडते. हा आधार सभोवती तयारच असतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठातील अलिसा वीव्हर यांच्या गटाने २०१५ मध्ये निराळेच चित्र मांडले. कर्कपेशी एक्झोसोमांवर फायब्रोनेक्टिन हे चिकट प्रथिन वाहून नेतात, ते बाहेर सोडतात आणि लगेच तेथे पकड बांधतात. म्हणजे पेशी आपली वाट काही अंशी स्वतःच अंथरते! एक्झोसोमांचा स्राव रोखताच पेशी अस्थिर प्रवर्ध काढू लागल्या व वारंवार दिशा बदलू लागल्या. प्रयोगपात्रात शुद्ध केलेले एक्झोसोम पुरविल्यावर त्यांची गती सुधारली. २०२० मध्ये याच गटाला मागे उरलेल्या एक्झोसोमांच्या मागावरून इतर पेशी जाताना दिसल्या.

मग कर्करोगाचा प्रसार थांबविण्यासाठी हा स्रावच बंद का करू नये? प्रश्न इतका सरळ नाही. न्यूट्रोफिल या संरक्षक श्वेतपेशीही एक्झोसोमांतून ल्युकोट्राईन बी-४ सोडून आपल्या सहकारी पेशींना बोलावतात, हे २०१६ मध्ये दिसून आले आहे.