भिडे पुलापलीकडची वाट

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, की मुठेचे पाणी चढते आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. पुणेकराला त्याचे नवल नसते. डेक्कनवरून नारायण पेठेत निघालेला माणूस लावलेले बॅरिकेड पाहतो, गाडी वळवतो आणि लकडी पूल गाठतो. संगणकांच्या जाळ्यात मात्र एवढी साधी समज यंत्रांना शिकवावी लागते. माझी नोकरीची बहुतेक वर्षे या शिकवणीतच गेली. तिच्यात माझ्या हातून झालेली एक चूक अजून मनातून जात नाही. ती समजावी म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

आपण पाठवलेला मजकूर जाळ्यातून सलग जात नाही. त्याचे छोटे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर मुक्कामाचा पत्ता असतो आणि वाटेतल्या प्रत्येक चौकात राउटर नावाचे यंत्र उभे असते. राउटर फक्त पुढचे वळण सांगतो, पुढच्या चौकात दुसरा राउटर त्यापुढचे. कुठल्या पत्त्यासाठी कुठे वळायचे, याचा एक तक्ता त्याच्याकडे असतो. हा तक्ता भरायचा कोणी, हा सगळ्या विषयाचा गाभा.

एक मार्ग म्हणजे माणसाने हाताने भरावा. दोन-तीन राउटर असतील तर हेच उत्तम. राउटर चाळीस झाले, की एक केबल तुटल्यावर किती तक्ते बदलायचे याचा हिशेब लागत नाही. म्हणून दुसरा मार्ग निघाला : राउटरांनी एकमेकांशी बोलून तक्ते स्वतःच भरावेत. या बोलण्याचे नियम म्हणजे डायनॅमिक राउटिंग प्रोटोकॉल.

त्यातला सर्वांत साधा ‘रिप’. त्याचा लेखी मसुदा १९८८चा. यात प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्यांना आपला तक्ता सांगतो : ‘अमुक ठिकाण माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे.’ शेजारी त्यात एक मिळवून स्वतःचा तक्ता लिहितो. माहिती सगळी ऐकीव. समजा, पहिल्या राउटरची एका ठिकाणाकडे जाणारी तार तुटली. दुसरा अजून म्हणतोच आहे, ‘मला ते दोन टप्प्यांवर आहे.’ त्याची वाट पहिल्याकडूनच जात होती, हे पहिल्याला कळत नाही. तो विश्वासाने ‘तीन’ लिहितो. मग दुसरा ‘चार’, पहिला ‘पाच’... गावगप्पा फुगत जावी तसा आकडा फुगतो. यावर उपाय म्हणून १६ या आकड्यालाच ‘अनंत’ मानले. तिथे पोचला की वाट मेली. शिवाय ज्याच्याकडून वाट कळली त्यालाच ती परत सांगायची नाही, असाही नियम केला. पण १५ टप्प्यांपलीकडचे जग ‘रिप’ला दिसत नाही ते नाहीच.

दुसरा प्रोटोकॉल ओएसपीएफ. यात कोणी निष्कर्ष सांगत नाही, प्रत्येक जण फक्त डोळ्यांनी पाहिलेले सांगतो : ‘माझे शेजारी हे, आणि त्यांच्यापर्यंतच्या वाटेची किंमत ही.’ हे निवेदन सगळ्यांपर्यंत पोचते, प्रत्येकाकडे साऱ्या गावाचा एकच नकाशा तयार होतो आणि सर्वांत स्वस्त वाट ज्याची त्याने काढायची. ती काढण्याची रीत डच गणिती एड्सगर डायक्स्ट्रा यांची. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत ती सुचल्याचे त्यांनी पुढे सांगितले. शेजारी जिवंत आहे ना, हे राउटर दर १० सेकंदांनी ‘हॅलो’ म्हणून तपासतात. ४० सेकंद उत्तर नाही आले, की शेजारी गेला असे धरून नवी वाट काढतात.

हे यंत्रावर बसवायला मोजक्याच ओळी टंकाव्या लागतात. कुठल्या तारांवर बोलायचे, गट कोणता, परवलीचा शब्द कोणता. अडचण असते ती न लिहिलेल्या गोष्टींत. वाटेची किंमत काढायची मूळची मोजपट्टी १०० मेगाबिटची. तिच्यावर १०० मेगाबिटची तार आणि तिच्या दहापट वेगाची तार, दोघींची किंमत एकच येते. मोजपट्टी सगळ्या राउटरांवर बदलली नाही, तर नव्या रुंद रस्त्याला गल्लीचाच मान मिळतो.

आता ती चूक. नदीच्या एका काठाला रुग्णालय, दुसऱ्या काठाला त्यांची प्रयोगशाळा. मध्ये दोन वाटा : एक थेट फायबर, दुसरी लांबच्या वळणाची भाड्याची लाइन. मी ओएसपीएफ बसवले आणि चाचणी घेतली. राउटरमधून फायबरची केबल उपटली, काही क्षणांत रहदारी दुसऱ्या वाटेने सुरू झाली. मी खूश होऊन घरी गेलो.

पुढच्या जुलैत रस्त्याच्या खोदाईत फायबर तुटले. रिपोर्ट येणे थांबले. एका रुग्णाची शस्त्रक्रिया रक्ताच्या रिपोर्टसाठी खोळंबली. मी पोचलो तेव्हा राउटरवरचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता. ओएसपीएफने ४० सेकंदांत वाट बदललेलीही होती. पण पॅकेट जुन्याच दिशेने जाऊन नाहीशी होत होती.

तक्ता उघडला. प्रयोगशाळेच्या पत्त्याशेजारी ‘ओ’ हवा होता, तिथे ‘एस’ होता. ‘ओ’ म्हणजे ओएसपीएफकडून शिकलेली वाट, ‘एस’ म्हणजे माणसाने हाताने लिहिलेली. जुळवणीच्या काळात ‘तात्पुरती’ म्हणून मीच लिहिलेली ती ओळ तशीच राहिली होती. एकाच ठिकाणाच्या दोन वाटा कळल्या, तर कोणावर किती विश्वास ठेवायचा याचे राउटरकडे आकडे असतात. आकडा लहान तितका विश्वास मोठा. आमच्या यंत्रात ओएसपीएफचा आकडा ११०, ‘रिप’चा १२० आणि माणसाच्या हाताचा १. शेजारी काहीही सांगोत, मालकाचा शब्द खरा. मग माझी चाचणी पार कशी पडली? तेव्हा केबल राउटरमधूनच काढल्याने दिवा विझला होता आणि त्याबरोबर ती ओळही आपोआप गळली होती. या वेळी तार बाहेर, रस्त्यात तुटली. राउटर आणि फायबर यांच्यामधली डबी चालूच होती. दिवा विझला नाही, ओळ हटली नाही.

ओळ पुसायला दहा सेकंद लागली, सापडायला पावणेदोन तास. तोवर प्रयोगशाळेतले एक शिपाईमामा तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, भर पावसात स्कूटरवरून, लकडी पुलामार्गे घेऊन आले होते. शस्त्रक्रिया झाली. मला कोणी रागावले नाही. ते जास्त लागले.

हीच गोष्ट जगाच्या पातळीवरही घडते. निरनिराळ्या कंपन्यांची जाळी जोडणारा प्रोटोकॉल बीजीपी. त्याचा पाया परस्परविश्वास. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तिथल्या दूरसंचार कंपनीने ‘हे पत्ते माझ्याकडे’ अशी नोंद केली. ती देशाबाहेर निसटली. जाळ्यात अधिक नेमक्या पत्त्याला अधिक मान असल्याने जगभरचे राउटर तिच्यामागे गेले आणि यूट्यूब सुमारे दोन तास बहुतेक जगाला दिसेना. यंत्रांनी नियम मोडला नव्हता. त्यांना सांगितलेले त्यांनी ऐकले होते.

तेव्हापासून दर मे महिन्यात, पावसाआधी, मी दोन कामे करतो. प्रत्येक तक्त्यातले ‘एस’ मोजतो आणि प्रत्येकाला विचारतो, तू इथे का? मग वाट तोडून पाहतो. राउटरपाशी नव्हे, बाहेर, जिथे ती खरोखर तुटते तिथे.